मिश्रणाला स्वतःची चव असते का?

अमेरिकेच्या दक्षिणेकडील राज्यांत बार्बेक्यू म्हणजे केवळ विस्तवावर भाजलेले मांस नव्हे. लाकडाच्या धुरात, सुमारे १०७ ते १२१ अंश सेल्सिअस इतक्या मंद आचेवर, कित्येक तास शिजवलेल्या मांसाला तेथे हे नाव दिले जाते, आणि असे मांस आचेपाशी जाण्यापूर्वी त्याच्यावर जो कोरडा मसाला चोळला जातो त्याला ‘ड्राय रब’ म्हणतात. बार्बेक्यू हा शब्द कॅरिबियन बेटांवरील तायनो लोकांच्या भाषेतून स्पॅनिशमार्गे आला. ही पाककला घडवण्यात मात्र सर्वांत मोठा वाटा गुलामगिरीत राबवल्या गेलेल्या आफ्रिकी वंशाच्या स्वयंपाक्यांचा आहे, आणि तिच्याविषयी लिहिताना त्यांचे ऋण प्रथम मान्य करणे उचित ठरते. टेनेसी राज्यातील मेम्फिस शहर कोरड्या मसाल्याच्या बरगड्यांसाठी प्रसिद्ध आहे, आणि चार्ली व्हर्गोस यांनी १९४८ मध्ये तेथे सुरू केलेल्या ‘रॉंदेव्हू’ या भोजनगृहाचा त्या प्रसिद्धीत मोठा भाग आहे. घरी असा मसाला करणारी माणसे सामान्यतः तपकिरी साखर, पाप्रिका म्हणजे सौम्य लाल मिरचीची पूड, मीठ, मिरपूड, लसणाची व कांद्याची पूड, मोहरीची पूड आणि थोडे लाल तिखट एकत्र करतात. मध्य टेक्सासमध्ये याउलट मीठ आणि भरड मिरपूड या दोनच गोष्टी पुरेशा मानल्या जातात.

या साध्या कृतीच्या पोटात तत्त्वज्ञानातील एक जुना आणि अजूनही न संपलेला प्रश्न आहे. आठ पदार्थ एका वाडग्यात कालवले की तेथे आठ पदार्थच असतात, की नववा एक पदार्थ उत्पन्न होतो? आणि असा नववा पदार्थ उत्पन्न होत असेल, तर जिभेला जाणवणारी चव त्या नवव्याची असते, की प्रत्येक घटक आपापली चव स्वतंत्रपणे देत असतो आणि खाणाऱ्याचे मन त्यांची बेरीज करते? अवयव आणि अवयवी, म्हणजे भाग आणि त्या भागांपासून बनलेली अखंड वस्तू, यांच्या संबंधाचा हा प्रश्न भारतीय दर्शनांनी शतकानुशतके चर्चिला. घट आणि पट, म्हणजे मडके आणि वस्त्र, ही त्या चर्चेतील नेहमीची उदाहरणे असली, तरी चवीचे उदाहरण घेतल्यावर ती चर्चा जितकी अडचणीची आणि म्हणूनच जितकी फलदायी होते, तितकी ती मडक्यापाशी होत नाही. (मांस खावे की न खावे हा धर्मविचारातील स्वतंत्र आणि गंभीर प्रश्न आहे, येथे तो हाती घेतलेला नाही, आणि पनीर, रताळे किंवा मक्याचे कणीस यांना हाच मसाला चोळला तरी पुढील विवेचनात फारसा फरक पडत नाही.)

या बाबतीत सर्वांत धक्कादायक उत्तर नैयायिकांचे आहे. न्याय-वैशेषिक मतानुसार धागे एकत्र आले की त्यांच्याहून भिन्न असे ‘वस्त्र’ नावाचे द्रव्य उत्पन्न होते आणि ते धाग्यांमध्ये समवाय संबंधाने, म्हणजे कधीही वेगळ्या न करता येणाऱ्या नात्याने, राहते. आता वस्त्राचे धागे निळे, पिवळे आणि तांबडे असतील तर त्या वस्त्राचा रंग कोणता? वस्त्राला रंगच नाही असे म्हणता येत नाही, कारण रंगहीन द्रव्य डोळ्यांना दिसू शकत नाही आणि वस्त्र तर दिसते. म्हणून या परंपरेने ‘चित्ररूप’ नावाचा एक स्वतंत्र, मिश्र रंग मानला. मग त्याच न्यायाने मिश्र चवही मानावी लागेल, असे कोणालाही वाटेल. परंतु १७व्या शतकातील विश्वनाथ न्यायपंचानन यांनी आपल्या ‘न्यायसिद्धान्तमुक्तावली’त हा निष्कर्ष नाकारला आहे. त्यांचा युक्तिवाद असा की डोळा रंगाबरोबर द्रव्यालाही पाहतो, म्हणून द्रव्याला रंग असणे भाग आहे. जीभ मात्र फक्त चव जाणते, द्रव्य जाणत नाही, म्हणून वेगवेगळ्या चवींच्या अवयवांपासून बनलेला अवयवी स्वतः पूर्णपणे बेचव मानला तरी काही बिघडत नाही, कारण जिभेला मिळते ती अवयवांचीच चव. या मताप्रमाणे मेम्फिसच्या मसाल्याला, मसाला म्हणून, चवच नाही. साखर गोड आहे, मीठ खारट आहे, मिरची तिखट आहे. मसाला नीरस आहे.

हे मत ऐकताच हास्यास्पद वाटते, पण त्याला हसण्यापूर्वी ते किती काटेकोर आहे हे पाहिले पाहिजे. नैयायिक येथे अनुभव नाकारत नाही; अनुभवाची उपपत्ती लावण्यासाठी जितके मानणे आवश्यक आहे त्याहून अधिक काही मानायचे नाही, हे लाघवाचे तत्त्व तो पाळतो. शिवाय डबीतला कोरडा मसाला घेतला तर त्याचे म्हणणे बरेचसे खरेही ठरते. डबी काही दिवस हलवली की बारीक पूड तळाशी जाते, भरड मिरी वर राहते, आणि वरच्या चमच्याची चव खालच्या चमच्यासारखी लागत नाही. किंबहुना नैयायिक अशा मसाल्याला खरा अवयवी म्हणायलाही कचरेल. न्यायसूत्रांमध्ये सेना आणि वन यांचे उदाहरण येते: दुरून पाहणाऱ्याला सैनिकांचा किंवा झाडांचा समूह एक वाटतो, पण तेथे एक असे काही नसते, केवळ पुष्कळ असते. डबीतला मसाला हे असेच एक वन आहे. त्यात संयोग आहे, म्हणजे वेगळ्या करता येतील अशा वस्तूंचे एकमेकींना टेकणे आहे, समवाय नाही.

बौद्ध परंपरेने याच प्रश्नाला दुसऱ्या बाजूने हात घातला, आणि तो प्रत्यक्ष स्वयंपाकघरातील दृष्टान्त घेऊन. ‘मिलिंदपञ्ह’ या पाली ग्रंथात यवन राजा मिलिंद, म्हणजे इसवी सनपूर्व दुसऱ्या शतकातील मिनँडर, भिक्खू नागसेनाला विचारतो की स्पर्श, वेदना, संज्ञा, चेतना हे एकत्र उत्पन्न होणारे मनाचे धर्म एकमेकांपासून वेगळे काढून दाखवता येतील काय. नागसेन नाही म्हणतो आणि राजाच्या आचाऱ्याचे उदाहरण देतो: त्याने दही, मीठ, आले, जिरे, मिरे घालून सार केले, तर त्यातून दह्याची चव अलग काढून दे, मिठाची अलग काढून दे, असे त्याला सांगता येईल का? राजाला मान्य करावे लागते की ते शक्य नाही, जरी प्रत्येक चव आपापल्या लक्षणाने तेथे हजर असली तरी. या दृष्टान्ताचे मर्म त्याच्या दुहेरीपणात आहे. घटक नाहीसे झालेले नाहीत, पण ते वेगळेही काढता येत नाहीत. आणि ते वेगळे काढता येत नाहीत एवढ्यावरून त्यांच्या मागे ‘सार’ नावाचा कोणी सहावा मालक उभा आहे असे मात्र सिद्ध होत नाही. माणसाच्या बाबतीतही नागसेनाला हेच म्हणायचे आहे, आणि म्हणून हे सार केवळ साराचे उदाहरण राहत नाही.

येथपर्यंतच्या दोन्ही पक्षांत एक गोष्ट समान आहे: दोघेही मिश्रणाला स्वतःची चव देत नाहीत. ती देण्याचे धाडस वैद्यांनी केले. चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील २६व्या अध्यायात रस किती, यावर ऋषींची सभा भरलेली आहे; भद्रकाप्य एकच रस मानतो, दुसरे कोणी दोन, तीन, चार असे चढत जातात, आणि कांकायन तर रस अगणित आहेत असे म्हणतो. पुनर्वसू आत्रेय यांचा निर्णय सहाचा आहे: मधुर, अम्ल, लवण, कटू, तिक्त आणि कषाय. मराठी वाचकाने येथे सावध राहावे, कारण संस्कृतातील ‘कटू’ म्हणजे मराठीतील तिखट, आणि संस्कृतातील ‘तिक्त’ म्हणजे मराठीतील कडू. शब्द भाषेत उतरता उतरता त्यांच्या चवी बदलल्या आहेत. या सहा रसांचे एकेक, दोनदोन, तीनतीन असे सर्व मेळ मोजले की त्रेसष्ट प्रकार होतात, आणि चरकाने ते मोजले आहेत. मेम्फिसच्या मसाल्यात यांपैकी मधुर, लवण आणि कटू हे तीन रस प्रमुख आहेत. (आधुनिक शरीरशास्त्र कटूला चव मानतच नाही, मिरचीतील कॅप्सेसिन जिभेवरील उष्णता व वेदना ओळखणाऱ्या ग्राहीवर काम करते, आणि १९९७ मध्ये हा ग्राही शोधणाऱ्या संशोधकगटाचे प्रमुख डेव्हिड ज्युलियस यांना २०२१ चे नोबेल पारितोषिक विभागून मिळाले.)

तथापि चरकाचे खरे योगदान या गणतीत नाही. ते विमानस्थानाच्या पहिल्या अध्यायातील एका भेदात आहे. अनेक रसांनी युक्त अशा द्रव्याचा परिणाम घटकांचे परिणाम एकेक तपासून सांगता येतो, असे म्हटल्यावर तो लगेच बजावतो की हे सर्वत्र खरे नाही. काही मिश्रणे घटकांच्या स्वभावाला अनुरूप असतात, त्यांना ‘प्रकृतिसमसमवेत’ म्हणतात. तर काहींमध्ये घटक एकत्र येताना स्वतः बदलतात आणि असा परिणाम देतात जो त्यांच्यापैकी कोणाकडूनही अनुमानाने काढता येत नाही, त्यांना ‘विकृतिविषमसमवेत’ म्हणतात, आणि त्यांच्या बाबतीत समुदायाचा प्रभाव समुदायाकडूनच शिकावा लागतो. आयुर्वेदाच्या टीकाकारांनी याची दिलेली उदाहरणे मोठी बोलकी आहेत: पांढऱ्या धाग्यांचे वस्त्र पांढरे होते, हा पहिला प्रकार, हळद पिवळी आणि चुना पांढरा, पण दोहोंच्या संयोगातून तांबडा रंग निघतो, हा दुसरा. महाराष्ट्रातील प्रत्येक देवघरात या दुसऱ्या प्रकाराचा पुरावा ठेवलेला असतो, कारण पारंपरिक कुंकू हळदीवर क्षाराचा संस्कार करूनच बनते. तांबडेपणा हळदीचा नाही, क्षाराचा नाही, आणि तरीही तो कपाळावर दिसतो. न्यायमताला येथे खरी अडचण येते, कारण घटकांत नसलेला गुण अनुभवाला येत असताना तो घटकांचाच आहे असे म्हणता येत नाही.

मग कोरडा मसाला कोणत्या प्रकारचा? हा प्रश्न असा सरळ विचारला तर त्याला उत्तर नाही, कारण मसाला एकाच स्थितीत राहत नाही. आचेपूर्वीचा मसाला आणि आचेनंतरचा मसाला यांच्यामध्ये ‘पाक’ येतो. वैशेषिकांच्या परिभाषेत पाक म्हणजे तेजाच्या, म्हणजे अग्नीच्या, संयोगाने पृथ्वीच्या द्रव्यातील रूप, रस, गंध आणि स्पर्श हे गुण पालटणे, आणि तो नेमका कोठे घडतो यावर त्यांचा व नैयायिकांचा प्रसिद्ध वाद आहे. पीलुपाकवादी वैशेषिक म्हणतात की अग्नी कच्च्या मडक्याला परमाणूंपर्यंत सुटे करतो, गुण परमाणूत, म्हणजे ‘पीलू’त, बदलतात, आणि मग तेच परमाणू पुन्हा जुळून नवे मडके होते. पिठरपाकवादी नैयायिक म्हणतात की मडके, म्हणजे ‘पिठर’, अखंडच राहते आणि त्याच्या सूक्ष्म छिद्रांतून आत शिरलेले तेज अख्ख्या मडक्याचा गुण पालटते. बार्बेक्यूच्या भट्टीत काय होते? मांसाच्या पृष्ठभागावरचे पाणी मीठ आणि साखर विरघळवते, वितळलेली चरबी मिरची व मिरी यांतील तेलात मिसळणारे अंश ओढून घेते, हळूहळू पृष्ठभाग सुकतो, आणि प्रथिनांतील अमायनो आम्ले व काही शर्करा यांच्यात ती अभिक्रिया सुरू होते जिचे वर्णन लुई-कामीय मायार या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने १९१२ मध्ये केले. तिच्यातून शेकडो नवी गंधद्रव्ये जन्माला येतात, जी साखरेत नव्हती, मिरचीत नव्हती, मांसातही नव्हती. काही तासांनी मांसावर काळपट, खमंग, कडक अशी साल धरते. अमेरिकी स्वयंपाकी तिच्यासाठी झाडाच्या सालीचाच शब्द वापरतात. त्या सालीतून पाप्रिका निवडून काढता येत नाही, कारण जुने संयोग मोडून नवे बनलेले आहेत.

यावरून प्राचीनांना रसायनशास्त्र अवगत होते असा निष्कर्ष काढण्याचा मोह टाळला पाहिजे. वैशेषिकांचा परमाणू आणि आजचा अणू यांत नावापलीकडे फारसे साम्य नाही. मात्र प्रश्न त्यांनी बरोबर ओळखला होता: पालट भागांत होतो की अखंडात, आणि भाग पालटल्यावर जुने अखंड तेच राहते का. मायारच्या अभिक्रियेने या प्रश्नाचा जो कौल दिला तो पीलुपाकाच्या बाजूला झुकणारा आहे, आणि त्यातून पुढे येणारी चव चरकाच्या दुसऱ्या प्रकारात बसणारी आहे. डबीत वन होते. भट्टीतून बाहेर आले ते कुंकू आहे.

पाक मिश्रणानंतर व्हावा असा काही नियम नाही, हेही येथे नोंदवले पाहिजे. महाराष्ट्रातील गोडा मसाला नेमका उलट क्रमाने बनतो: धणे, तीळ, खोबरे, लवंग, दालचिनी, दगडफूल हे सर्व आधी वेगवेगळे, प्रत्येकाला सोसेल तितक्याच आचेवर भाजून किंवा तेलात परतून घेतले जाते, आणि मगच एकत्र कुटले जाते. कच्चे दगडफूल जवळजवळ मुके असते, तेलात पडल्यावर त्याचा गंध उमलतो. तेथे प्रत्येक घटकाचा पाक स्वतंत्र होऊन मग समुदाय बनतो, बार्बेक्यूत समुदायाचा पाक एकदमच होतो. म्हणूनच मंद आच हा बार्बेक्यूमध्ये चवीइतकाच विवेकाचा भाग आहे, कारण साखर १६० अंशांच्या पुढे रंग धरून लवकरच करपू लागते आणि सर्वांना एकच आच मिळाल्यामुळे सर्वांत नाजूक घटकाच्या मर्यादेत बाकीच्यांना राहावे लागते.

मिश्रणाला स्वतःचे अस्तित्व देणारी आणखी एक परंपरा आहे, आणि ती तर्काने नव्हे तर धर्माज्ञेने बोलते. हिब्रू बायबलातील ‘निर्गम’ ग्रंथाच्या ३०व्या अध्यायात पवित्र धुपाची कृती आली आहे: सुगंधी डिंक व द्रव्ये समान प्रमाणात घेऊन गांधिकाच्या कौशल्याने धूप करावा, तो परमेश्वरासाठी पवित्र मानावा, आणि तसाच धूप स्वतःच्या सुवासासाठी करणाऱ्याला समाजातून छेदून टाकावे. त्या द्रव्यांपैकी एकटे एकटे कोणतेही येथे निषिद्ध ठरत नाही; निषिद्ध आहे तो त्यांचा तो विशिष्ट मेळ. पुढे तालमूद या यहुदी ग्रंथात धुपाच्या अकरा द्रव्यांची मोजमापे दिली आहेत, आणि त्यांपैकी एक जरी गाळले तरी करणारा प्राणदंडास पात्र ठरतो असे सांगितले आहे. घटकांची बेरीज एवढाच जर धूप असता, तर एक घटक गाळलेला धूप थोडासा उणा ठरला असता. येथे तर तो धूपच राहत नाही. अवयवीची कल्पना इतक्या कठोरपणे क्वचितच कोणी मांडली असेल.

आणि तरीही चव वस्तूतच असते काय, हा प्रश्न शिल्लक राहतो. भरतमुनींनी ‘नाट्यशास्त्रा’च्या सहाव्या अध्यायात नाट्यरस समजावताना स्वयंपाकाचाच आधार घेतला: अनेक व्यंजने, औषधी आणि द्रव्ये यांच्या संयोगाने जसा रस निष्पन्न होतो, तसा अनेक भावांच्या संयोगाने नाट्यात रस निष्पन्न होतो. परंतु त्यांनी तेथेच आस्वाद घेणाऱ्याचीही अट घातली. तो ‘सुमनस्’, म्हणजे प्रसन्न आणि सजग मनाचा, असावा लागतो. पुढे काश्मीरच्या अभिनवगुप्तांनी पानकरसाचा दृष्टान्त वापरला. पानक म्हणजे गूळ, मिरे इत्यादी घालून केलेले पेय, आणि मराठीतील ‘पन्हे’ हा शब्द त्याच पानकाचा वंशज आहे. पन्हे पिताना कैरी, गूळ, वेलची आणि मीठ असा हिशेब कोणी मांडत नाही, आणि जो मांडतो त्याचे पिणे तेवढा वेळ थांबलेले असते. मिश्रणाचे एकपण द्रव्यात पाकाने तयार होते, पण ते पुरे होते चाखणाऱ्यापाशी. या लेखातील सर्व पक्षांमध्ये भरताचा पक्ष सर्वाधिक ग्राह्य वाटतो तो या कारणाने.

एका घटकाची हकिकत मात्र या सर्व चर्चेत न मावणारी आहे. मसाल्यातील लसूण, मिरची, मिरी, पाप्रिका यांचा अंमल पृष्ठभागावर किंवा त्याच्या अगदी लगत संपतो. कित्येक तास लावून ठेवले तरी ते मांसात खोल जात नाहीत. मीठ जाते. ते पृष्ठभागावरील ओलाव्यात विरघळते आणि हळूहळू आत झिरपते, आणि पुरेसा काळ मिळाला तर जाड तुकड्याच्या गाभ्याच्या दिशेने सरकत राहते. छांदोग्य उपनिषदात उद्दालक आरुणी आपल्या मुलाला, श्वेतकेतूला, रात्री पाण्यात मीठ टाकायला सांगतो आणि सकाळी तेच मीठ परत आणायला सांगतो. ते दिसत नाही, पण वरून, मधून आणि तळातून घेतलेला प्रत्येक घोट खारट लागतो, आणि सत् हे असेच सर्वत्र असूनही दृष्टीला पडत नाही, हे मुलाला कळते. या दृष्टान्तासाठी त्याने गूळ घेतला नाही, मिरे घेतले नाही. घटकाचे नाव पुसून सर्वत्र असणे हे मिठालाच साधते. बाकीचे मसाले आपापले नाव राखून सालीत थांबतात.

म्हणून घरी असा मसाला करणाऱ्याने मीठ डबीत मिसळू नये. ते मांसाच्या वजनाच्या साधारण १ ते १.५ टक्के, म्हणजे किलोला १० ते १५ ग्रॅम, तोलून वेगळे घ्यावे, कारण भरड मीठ आणि बारीक मीठ यांच्या एका चमच्याच्या वजनात जवळजवळ दुपटीचा फरक पडू शकतो. ते आदल्या रात्री लावावे, आणि बाकीचा मसाला आचेपूर्वी चोळावा. आणि डबीतला कोरडा मसाला बोटावर घेऊन त्याच्या चवीचा निकाल देऊ नये. त्यासाठी एक लहान तुकडा आधी आचेवर ठेवावा.